रांगेच्या शेवटून

"तिला कशाला सांगतेस? ती काय बोलणार आहे थोडीच!"

हे माझ्याबद्दल होतं. सकाळचे सहा वाजले होते. मी कॉटवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते आणि माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे, लॉजच्या सामाईक बेसिनपाशी, महाडिक काका-काकू बोलत उभे होते. ती भिंत म्हणजे प्लायवूडचा एक तुकडा आहे. पलीकडे कोणी चूळ भरली तरी अलीकडे कळतं.

"अहो पण शुगरची गोळी घेतलीत आणि पोटात काही नाही. वर चढायचंय. निदान त्या पोरीच्या कानावर घालते."

"अजिबात नाही. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. आज एकविसावी संकष्टी. वीस कडक केल्या, आता शेवटची काय डोंगरावर येऊन मोडू?"

"मग गोळी तरी घ्यायची नव्हती."

"डॉक्टरने बजावलंय, गोळी चुकवायची नाही म्हणून. आणि आपल्या सोनलला दिवस जावेत म्हणून एकवीस करीन असं मी बोललोय. देवाशी बोलणं झालंय माझं."

"देवाशी झालंय. डॉक्टरशी कुठे झालंय?"

काका हसले. नळ बंद झाला, चपलांचा आवाज लांब गेला.

मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. मग पहिल्या बुटाची सोडून पुन्हा बांधली. उठायचं, बाहेर जायचं आणि "काका, एक मिनिट" म्हणायचं, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही.

आमच्या जेसल पार्कच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. त्याचे संपादक आमच्याच इमारतीत राहतात. ते म्हणाले, तुझ्या नोकरीतल्या गमतीजमती लिही, लोकांना डोंगराचं वाचायला आवडतं. आई म्हणाली, "मराठीत? तू?" तिचं आश्चर्य खरं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात माणगावकडची मराठी, शाळेत इंग्रजी, जिन्यात हिंदी आणि खालच्या फरसाणवाल्याचं गुजराती ऐकून समजेल इतपत. इतक्या भाषा येणारं माणूस खूप बोलत असेल असं लोकांना वाटतं. माझं उलट झालं. कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू करायचं हे ठरेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो.

नोकरी अशी आहे: भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ आमच्या सरांचं छोटं ऑफिस आहे, ते लोकांना डोंगरात घेऊन जातात. कसाऱ्याचा घाट ओलांडल्यावर आत एका खेड्याच्या वरच्या अंगाला एक लॉज आहे. सहा खोल्या, एक मोठा हॉल, पत्र्याची पडवी. समोर डोंगर आणि मागे करवंदीची जाळी, बाकी काही नाही. सर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे लॉज भाड्याने घेतात आणि मी ते पाच महिने तिथेच राहते. शनिवार-रविवार मीरा-भाईंदरहून बॅच येते, वीस-बावीस माणसं. लॉजवर मुक्काम, तिथून रोज एक चढाई, परत मुक्कामाला. मधले पाच दिवस तिथे मी, स्वयंपाक करणाऱ्या सुमनवहिनी आणि त्यांचे मिस्टर.

लोकांना वाटतं मी शांततेत राहते. शांतता आहे खरी. पण मधले पाच दिवस चादरी धुण्यात, फोन उचलण्यात आणि त्याच त्याच प्रश्नांना त्याच त्याच गोड आवाजात उत्तरं देण्यात जातात. वर लिफ्ट नाही ना? रस्ता रूममधून दिसतो का? एका बाईंनी विचारलं होतं, "मॅडम, उद्या सूर्योदय किती वाजता ठेवलाय?" मी वेळ सांगितली. "थोडा उशिरा होऊ शकेल का, मुलं झोपलेली असतात." मी सॉरी म्हणाले. चौथ्या सीझनला माझ्या लक्षात आलं की मला थकवा पायांत येत नाही. तो गालांत येतो, हसून हसून.

लोक शांततेसाठी येतात आणि तिलाच घाबरतात. मीरा रोडच्या एका गृहस्थांनी पहिल्याच संध्याकाळी मला बोलावून घेतलं. "इथे काहीच आवाज येत नाहीये. काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हणाले, नाही, इथे असंच असतं. त्यांनी मोबाइलवर पंख्याचा आवाज लावला, हिवाळ्यात, रजईत, आणि शांत झोपले. सकाळी म्हणाले, "आता कसं घरासारखं वाटलं."

सगळ्यांत चांगली बॅच म्हणाल तर मेहता कुटुंबाची. भाईंदर पश्चिमेचे, जैन, चौदा माणसं आणि स्वतःचा महाराज, म्हणजे स्वयंपाकी, बरोबर. सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यामुळे साडेपाचला पानं मांडायची. म्हणजे पाचच्या आत सगळे खाली पाहिजेत. सरांच्या शिट्टीने जे होत नाही ते त्यांच्या जेवणाच्या वेळेने झालं. एकही माणूस फोटोसाठी रेंगाळला नाही. त्यांच्या आजीबाई मला मागे वळून म्हणाल्या, "जल्दी चल बेटा, सूरज किसी का वेट नहीं करता." सुमनवहिनी त्या दिवशी रिकाम्या बसून महाराजाकडे बघत होत्या. "बटाटा न्हाई, कांदा न्हाई, लसूण न्हाई," त्या मला हळूच म्हणाल्या, "आन् तरी वास बघा कसा सुटलाय."

आता माझं काम सांगते. डोंगरात रांगेत चालताना पुढे वाट दाखवणारा असतो आणि सगळ्यांत मागे एकजण असतो. त्या मागच्याला आमच्या धंद्यात 'स्वीप' म्हणतात. स्वीपने कोणालाही मागे टाकायचं नाही. कोणी बसलं की बसायचं, कोणी झाडामागे गेलं की पाठ करून उभं राहायचं, आणि खाली पोचल्यावर डोकी मोजायची. मी चार सीझन स्वीप आहे. मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, "तुला काय जमेल?" मी म्हणाले, "मागे चालायला." त्यांना तो विनोद वाटला.

मागून चालणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत. टाचा दिसतात, पोटऱ्या दिसतात, पाठी दिसतात, आणि चेहऱ्यापेक्षा पाठ कमी खोटं बोलते. बूट चावतोय हे माणूस सांगायच्या अर्धा तास आधी त्याच्या टाचेवरून कळतं. नवरा-बायको भांडलेत की नाही ते दोघांमधल्या अंतरावरून कळतं. अडचण अशी की मागच्याला जे कळतं ते पुढे पोचवायला बोलावं लागतं. निरोप एकाने दुसऱ्याला देत रांगेतून पुढे जातो. एकदा मी "मागे एकीचा पाय मुरगळलाय, थांबा" असा निरोप दिला होता. पुढे सरांपर्यंत पोचला तेव्हा "मागे कोणीतरी रील काढतंय" असा झाला होता. सर थांबले नाहीत. नंतर मला म्हणाले, ओरडायचं ना मग! ओरडायचं, हे सांगायला सोपं आहे.

आणि फॉर्म. येण्याआधी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतो. काही आजार, काही औषधं, काही ऑपरेशन? आमच्या फॉर्मवर विश्वास ठेवला तर मीरा-भाईंदरमध्ये कोणालाच काही झालेलं नाही. सगळीकडे 'निल'. आजार लिहिला तर घेणार नाहीत अशी भीती असते. महाडिक काकांच्या फॉर्मवरही 'निल' होतं, सुंदर अक्षरात. त्रेसष्ट वर्षांचे, एका कापड कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे फॉर्म भरायची सवय असणार.

त्यांचं सांगायच्या आधी एक सांगायला हवं, नाहीतर मी त्या सकाळी गप्प का बसले हे नुसता लाजरेपणा वाटेल.

त्याच्या आदल्या सीझनला शिल्पाताई म्हणून एक बाई आल्या होत्या. बँकेत नोकरीला, एकट्याच. बूट कोरे, आणि मापाने लहान. उतरताना त्या पाऊल तिरकं टाकत होत्या, अंगठा वाचवायला. मी दीड तास ते बघत होते. पुढे मुरमाचा घसरडा उतार आहे हे मला माहीत होतं. बूट काढून माझे जाड मोजे आणि सुमनवहिनींचे रबरी सँडल घाला, सँडल माझ्या सॅकमध्ये होते, एवढं सांगायचं होतं. मी मनात वाक्य तयार केलं. मराठीत आगाऊ वाटलं. इंग्रजीत शिष्ट वाटलं. त्यांनी चिडून, "मला कळतं गं" म्हटलं तर काय, असं वाटलं. मुरमावर त्या घसरल्या आणि गुडघा आतून फाटला. गावातल्या चार माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्यांना खाली आणलं. सबंध वाट त्यांनी माझा हात धरला होता. म्हणाल्या, "तू किती शांत आहेस गं. बरं वाटतं तुझ्याजवळ."

त्यानंतर मी ठरवलं होतं की आता दिसलं की बोलायचं. ठरवणं आणि तोंड उघडणं यांच्यात मात्र बरीच मोठी चढण आहे.

तर त्या रविवारी नाड्या बांधून मी पडवीत आले. नाश्त्याला पोहे होते. काका ताटलीकडे पाठ करून डोंगराकडे बघत उभे होते, दोघाचौघांना त्यांच्या कंपनीतले किस्से सांगत होते, आणि सगळे हसत होते. काकूंनी पोह्यांची बशी हातात धरली होती पण खात नव्हत्या.

सुमनवहिनी किटली घेऊन माझ्याजवळ आल्या. "त्या काकान्ला पोहं दिलं तर म्हणत्यात चंद्र दिसल्यावर. खिचडी करते म्हणलं, तर ती बी न्हाई. निस्ता काळा चहा, बिनसाखरेचा. येवढं कडक कोन करतं आता?"

"हं," मी म्हणाले.

"तुमी सांगा की त्यान्ला."

"हं."

मी आत जाऊन ग्लुकोजची आणखी दोन पाकिटं खिशात टाकली. ती टाकल्यावर आपण काहीतरी केलं असं मला वाटलं. मग सरांकडे गेले. सर दोर गुंडाळत होते आणि खांद्याने कानाशी धरलेल्या फोनवर पुढच्या बॅचच्या बसवाल्याशी भांडत होते. "बोल पटकन," ते मला म्हणाले.

"सर, ते महाडिक काका..."

"मस्त माणूस आहे! बॅच उचलून धरलीये त्यांनी. काय त्यांचं?"

"काही नाही. ग्लुकोज जास्तीचं घेतलंय मी."

"गुड," सर म्हणाले आणि पुन्हा बसवाल्याकडे वळले.

सर वाईट माणूस नाहीत, हे मला लिहायचंच आहे. दर सीझनला लॉजचं भाडं आणि आमचे पगार निघतील की नाही या काळजीत ते असतात. पण त्यांचा एक अभिमान आहे. आपल्या बॅचमधून कोणी अर्ध्यातून परत फिरत नाही, असं ते ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. लोकही ते ऐकून येतात. त्यामुळे अर्ध्यातून परत फिरवायचं नाव काढणारा माणूस त्यांना आळशी वाटतो.

पहिला तास चांगला गेला. काका माझ्या अगदी पुढे, त्यांच्या पुढे काकू. थंड वारा होता, बाकीच्यांनी जॅकेटच्या चेन गळ्यापर्यंत ओढल्या होत्या. काकांच्या शर्टाची कॉलर मागून ओली झाली होती. तासाभराने ओल पाठीवर उतरली. मग त्यांची पावलं फाकायला लागली, दारात पाणी सांडलं की माणूस चालतं तशी. काठी दगडाच्या बाजूला पडायला लागली. किस्से बंद झाले.

"थोडं पाणी घेता का?" काकूंनी मागे वळून विचारलं.

"सारखं काय पाणी पाणी! चाल ना पुढे!"

सकाळी तोच माणूस सगळ्यांना हसवत होता. काकूंनी मान पुढे केली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"काका," मी म्हणाले, "थोडं बसू या?"

"का? दमलीस?"

इथे मला एक दार सापडलं आणि मी त्यातून पळाले. "हो," मी म्हणाले.

"बघा! आजकालच्या पोरी!" काका पुढच्यांना ओरडून म्हणाले. "आमची स्वीप दमली! थांबा रे!"

रांग हसली. आम्ही पाच मिनिटं बसलो. मी दम लागल्याचं नाटक केलं आणि काकांच्या बोटांकडे बघत राहिले. ती मांडीवर आपोआप हलत होती. अर्ध्या तासाने मी पुन्हा दमले. त्यानंतर पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी पुढचा एक मुलगा म्हणाला, "ताई, तुम्हालाच उचलून न्यावं लागणार वाटतं," आणि मीही हसले. गालांतला तो नेहमीचा थकवा मला तेव्हा जाणवला. एका माणसाला वाचवायला मी तीनदा खोटं दमले होते. त्याऐवजी एकदा खरं बोलले असते तर आम्ही सगळे लॉजच्या पडवीत बसलो असतो.

अकराच्या सुमारास आम्ही शिडीपाशी आलो. माथ्याखाली कातळाचा एक उभा टप्पा आहे, तिथे लोखंडी शिडी लावलेली आहे. दोन्ही बाजूंना धरायला काही नाही, खाली दरी. धडधाकट माणसाला पाच मिनिटांचं काम. सर आधी वर गेले, एकेकाला घेत गेले. बहुतेक सगळे वर पोचले. खाली पाच-सहा जण उरले. मग काकांची पाळी आली.

काकांनी पहिल्या पायरीला हात घातला. हात पायरीच्या बाजूने गेला. त्यांनी हसून पुन्हा घातला, पुन्हा चुकला. मग ते वळून काकूंना म्हणाले, "सोनल, पाणी आण गं."

सोनल त्यांची मुलगी. ती पुण्यात होती.

काका खाली बसले. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ पांढरे. मी पाकीट फोडून बाटलीत ग्लुकोज घातलं, हलवलं, पुढे केलं. त्यांनी लहान मुलासारखं तोंड फिरवलं. "चंद्र," ते म्हणाले. एवढंच.

"अहो, घ्या ना," काकू म्हणाल्या. त्यांचा हात काकांच्या पाठीवरून खाली-वर फिरत होता, थांबत नव्हता.

वरून सरांचा आवाज आला. "काय झालं? ऊन लागलं का?" त्यांनी वाकून बघितलं. "काका, कम ऑन! शेवटची शिडी! पंधरा मिनिटांत टॉप! मी रोप सोडतो, कमरेला बांधा, वरून धरतो तुम्हाला. काही होत नाही!"

वर गेलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "काका! काका! काका!" दोर खाली आला. मला उचलून न्यायचं म्हणणारा तो मुलगा अजून खालीच होता, तो मदतीला आला आणि काकांच्या कमरेभोवती दोर गुंडाळायला लागला. काका उठून उभे राहिले. टाळ्या ऐकल्यावर उठणारा माणूस होता तो.

तेव्हा काकूंनी माझ्याकडे बघितलं.

महाडिकांच्या खोलीला स्वतःचं बेसिन होतं. हे मला त्या क्षणी आठवलं. दात घासायला त्यांना मागे यायची काहीच गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी काकू माझ्याकडे बाम मागायला आल्या होत्या, माझ्या कॉटवर बसल्या होत्या, आणि पलीकडे दोन मुलं टूथपेस्टवरून भांडत होती ते ऐकून हसल्या होत्या. "सगळंच ऐकू येतं की गं तुला," असं म्हणाल्या होत्या. काकांना मागच्या बेसिनपाशी त्यांनीच नेलं होतं. शपथ त्यांना आधीही घातलेली असणार, त्यामुळे सांगता येत नव्हतं, म्हणून भिंतीपाशी उभ्या राहून त्या मोठ्याने बोलल्या होत्या. आणि मग सहा ते अकरा, पाच तास, त्या माझ्यापुढे दोन पावलं चालत, मी तोंड कधी उघडते याची वाट बघत होत्या.

नंतरचं आधीच सांगून टाकते, उगाच कोणाला घोर लागायला नको. काकांनी ते पाणी प्यायलं, अख्खी बाटली, वर गुळाची चिक्की खाल्ली, आणि तासाभराने स्वतःच्या पायांनी लॉजच्या दिशेला उतरायला लागले. काकूंनी खाली पोचल्यावर माझ्या हाताला बाम लावला. माझ्या हाताला काही झालं नव्हतं. सोनलला मुलगी झाली. एकविसावी संकष्टी धरायची की नाही यावर महाडिकांच्या घरात अजून वाद चालू आहे. काकांनी आणखी एक केली, पण घरी, दुपारी झोपून, आणि डॉक्टरला विचारून गोळी बदलून. सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फॉर्मचा नवा नमुना पाठवला, त्यात एक नवा प्रश्न होता: त्या दिवशी उपवास आहे का, आणि असेल तर कसला. आता लोक तिथेही 'निल' लिहितात. पण मी सकाळी पडवीत उभी राहून प्रत्येकाच्या ताटलीत बघते. बघितलं की विचारते. दर वेळी कोणीतरी म्हणतं, हिला काय करायचंय. शिल्पाताईंना मी फोन करणार होते, माफी मागायला. तो अजून केलेला नाही.

पण हे सगळं नंतरचं. शिडीखाली तेव्हा दोराची गाठ बसत होती आणि वर टाळ्या चालू होत्या. मी माझी जागा सोडली. काकूंना आणि गाठ मारणाऱ्या मुलाला ओलांडून पुढे गेले, शिडी आणि काका यांच्या मध्ये उभी राहिले आणि ताणलेला दोर दोन्ही हातांनी धरला. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, कातळावर आपटून तो परत आला. टाळ्या थांबल्या.

"सर, दोर सोडा. काका वर जाणार नाहीत. त्यांना डायबेटीस आहे, सकाळी गोळी घेतलीये आणि काल रात्री आठपासून पोटात काही नाही. काकूंनी मला सांगितलेलं नाही, त्यांनी शपथ मोडलेली नाही. मी माझ्या खोलीत बसून ऐकलं. सकाळी सहा वाजता ऐकलं, आणि आत्ता सांगतेय."